चकल्या आणि घाट

पुण्याच्या माणसाला गाव सोडून कुठे जायचे म्हटले, की एक तर घाट चढावा लागतो नाही तर उतरावा लागतो. मुंबईला निघाला तर बोरघाट, साताऱ्याला निघाला तर कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडला दिवेघाट, कोकणात ताम्हिणी नाही तर वरंधा. एक सोलापूरचा रस्ता तेवढा सपाट. पण हौस म्हणून सोलापूरला जाणारा पुणेकर अजून माझ्या पाहण्यात नाही. (सोलापूरकरांनी रागावू नये. माझी सासुरवाडी तिकडचीच आहे आणि हे वाक्य घरात वाचून दाखवल्यावर व्हायचे ते होऊन गेले आहे.)

असे असूनही ‘घाट’ या शब्दाकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. नदीला पायऱ्या बांधल्या की घाट, डोंगरातून वाट काढली की घाट, मडक्याला डौल आला की घाट, आणि कुणी गुपचूप काही योजले की त्यानेही घाट घातला, एवढे वर्गात सांगून मी मोकळा होत असे. या शब्दाचा खरा धडा मला दिला तो माझ्या पुतण्याने. हे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि मराठीत त्यांना कसेबसे पन्नास गुण मिळाले होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपतीचे दिवस होते. आरती झाली, प्रसादाची वाटी हातात पडली आणि हा म्हणाला, “काका, तुमची आठशे विकणार आहात म्हणे. विकू नका. मला द्या.”

आठशे म्हणजे आमची मारुती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९२ साली भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून घेतलेली. अण्णा गेले, गाडी राहिली. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करायची, त्यासाठी तिला तपासणीला न्यायचे आणि वर पर्यावरणाच्या नावाने जादा कर भरायचा, हे माझ्या नशिबी आले. घरात तर दर पाडव्याला ठराव होतो, की यंदा ती काढून टाकायची. असे असता वीस वर्षांच्या मुलाने तिला मागणी घालावी, हे ऐकून आमच्या सौ. प्रसाद वाढता वाढता थांबल्या.

“कशाला रे? भंगारात घालायला?” मी विचारले.

“घाटात चालवायला. ती जपानी आहे, काका, आणि हलकी आहे. हलक्या जपानी गाडीची घाटातली मजा तुम्हाला नाही कळायची.”

आता ‘तुम्हाला नाही कळायचे’ हे वाक्य प्राध्यापकाला उद्देशून म्हणू नये. मी त्याला समोर बसवले आणि म्हटले, “समजावून सांग. कळते की नाही ते मी ठरवीन.”

त्याने खिशातून फोन काढून एक जपानी चित्रमालिका दाखवली. शुइची शिगेनो नावाच्या चित्रकाराने १९९५ साली ही चित्रकथा सुरू केली आणि ती २०१३ पर्यंत चालली. नाव ‘इनिशियल डी’. नायक एक शाळकरी पोरगा, ताकुमी. त्याच्या बापाचे तोफूचे दुकान. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर समजा. बोट लावले तर मोडेल असे. पहाटेच्या अंधारात डोंगरावरच्या हॉटेलात हा माल पोचवून रिकाम्या गाडीने घाट उतरायचा, हे पोराचे काम. गाडी जुनी टोयोटा. तिथले शौकीन तिला ‘हाचिरोकू’ म्हणतात, म्हणजे ‘आठ-सहा’. कारखान्यातल्या तिच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास, एंजिन सोळाशे सी.सी.चे. आणि एवढ्या बळावर तो पोरगा भल्या भल्या दांडग्या मोटारींना उतारावर मागे टाकतो.

गंमत अशी, की ही टोयोटा १९८३ साली बाजारात आली आणि आमच्याकडची पहिली मारुती आठशेही त्याच वर्षीची. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली. एंजिन ७९६ सी.सी.चे, सिलिंडर तीन, वजन साडेसहाशे किलोंच्या घरात. त्या वेळच्या आपल्या फियाट आणि ॲम्बॅसडरपुढे ती काड्यापेटीसारखी दिसे. घाटात तिचा निभाव कसा लागणार, अशी शंका आमच्या वाड्यातल्या एका काकांनी अण्णांजवळ काढल्याचे मला आठवते.

जपान्यांना मोटारी हलक्या का कराव्याशा वाटल्या, याचे उत्तर त्यांच्या भूगोलात आहे. तीन-चतुर्थांश देश डोंगराळ, गल्ल्या अरुंद, पेट्रोल परदेशचे. महायुद्धात देश बेचिराख झालेला. १९४९ साली त्यांच्या सरकारने छोट्या मोटारींचा एक वेगळा वर्गच कायद्याने पाडला. एंजिन इतकेच, लांबी-रुंदी इतकीच, आणि त्या मापात राहील त्याला करात सवलत. सुझुकी कंपनी मुळात मागवाल्यांची. १९०९ साली हामामात्सु गावी हातमाग-यंत्रमाग बनवण्यापासून तिने सुरुवात केली. टोयोटाचे घराणेही मागाचेच. माझी आपली एक समजूत आहे, की धाग्याचा हिशेब ठेवणारी माणसे लोखंडाचाही हिशेब ठेवणारच.

“ते ठीक आहे,” मी म्हणालो. “पण घाटात हलकेपणाचा उपयोग काय?”

पोराने सांगितले ते असे. गाडीच्या अंगात जो वेग असतो, तो ब्रेक मारल्यावर नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते. वजन दुप्पट, तर उष्णता दुप्पट. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट. लांब उतारावर जड गाडीचे ब्रेक तापत जातात आणि शेवटी पकडेनासे होतात. हलक्या गाडीचे त्या मानाने थंड राहतात. पुन्हा वळणावर जड गाडी सरळच जाऊ पाहते. हलकी चटकन तोंड फिरवते.

आणि तो ‘ड्रिफ्ट’ म्हणून प्रकार? वळणावर मागची चाके जाणूनबुजून घसरू द्यायची. गाडी तिरकी होते, तिचे तोंड वळणाच्या आत वळते, आणि चालवणारा स्टिअरिंग मात्र उलट बाजूला धरून ती घसरण आपल्या ताब्यात ठेवतो. नुकत्याच सारवलेल्या अंगणात धावणारे पोर दारापाशी वळताना जसे पाय घसरवत वळते, तसेच. कुनिमित्सु ताकाहाशी नावाच्या शर्यतपटूने १९७०च्या दशकात शर्यतीच्या मैदानावर ही रीत गाजवली. ते पाहून केइची त्सुचिया नावाच्या तरुणाने ती डोंगराच्या रस्त्यांवर गिरवली आणि पुढे ‘ड्रिफ्टचा राजा’ असे नाव मिळवले. त्याची गाडी तीच, आठ-सहा. तिची मागची चाके ढकलतात म्हणून तिला हे जमते. आमच्या आठशेची पुढची चाके ओढतात. तिचे मागचे अंग असे सहजी नाचणार नाही. हे चिरंजीवांनीच कबूल केले. “पण हलकी आहे ना, काका!” हे पालुपद मात्र सोडले नाही.

इथवर मी ऐकत होतो ते काकाच्या कर्तव्यबुद्धीने. पण मग तो बोलून गेला, “आणि या रस्त्यांना ते ‘तोगे’ म्हणतात. म्हणजे आपला घाट.” त्याने अक्षरही दाखवले. डावीकडे डोंगराची खूण, उजवीकडे वरच्या अंगाला ‘वर’ आणि तिच्याखाली ‘खाली’. डोंगर, चढ, उतार, झाला घाट! जपानी लिपीतली बहुतेक चिन्हे चीनमधून आलेली. हे मात्र जपान्यांनी घरीच घडवलेले. मी चकित झालो. ज्या देशाला आपल्या डोंगरवाटेसाठी उसन्या लिपीत स्वतःचे अक्षर घडवावेसे वाटले, त्या देशाशी आमचे काही तरी नाते असले पाहिजे.

मग काय विचारता! मला भरतेच आले. मी त्याला बोरघाट सांगितला. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा सांगितली, ज्याच्या देवळापुढे मोटारवाले अजून नाणे टाकतात. १८३० साली चाकांच्या गाड्यांसाठी झालेली सडक आणि १८६३ साली घाट चढलेली आगगाडी सांगितली. आणि सगळ्यांत रंगून सांगितली ती उंबरखिंड. १६६१ साली शाएस्तेखानाने पुण्याहून पाठवलेला कारतलबखान अवजड फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला. महाराजांनी त्याला खिंडीत पुरता उतरू दिले आणि पुढची-मागची वाट बंद केली. तोफा, तंबू, सामानसुमान. खानाला ना वळता येईना ना पळता. शेवटी रायबागनचा सल्ला ऐकून त्याने खंडणी दिली आणि जीव वाचवला. “कारण काय?” मी वर्गात विचारावे तसे विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, “आपली फौज हलकी होती! भीमथडीचे तट्टू आणि खांद्यावर घोंगडी. घाटात जड तो मरतो.”

पोराचे डोळे चमकले. मला फार बरे वाटले. बऱ्याच दिवसांत माझ्या वर्गात कुणाचे डोळे असे चमकले नव्हते. आठशे त्यालाच देईन, असेही मी त्या भरात कबूल करून बसलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, रात्री एक वाजता, फोन वाजला.

“काका, तुम्ही येता का? बाबांना सांगू नका.”

शहराजवळच्या एका घाटात चौघे मित्र गेले होते. गाडी त्यातल्या एकाच्या वडिलांची; नवी, उंच, दीड टनाच्या पुढची. रस्ता पावसाने ओला. दुसऱ्याच वळणावर मागचे अंग सुटले आणि गाडी आडवी होऊन कठड्यावर आदळली. मी आठशे काढली आणि गेलो. त्या रात्री तो घाट मी कसा चढलो, ते मला आठवत नाही. एवढे आठवते, की प्रत्येक वळणावर दिव्यांच्या उजेडात आधी कठडा दिसे, आणि तो शाबूत दिसला की हायसे वाटे.

पोरे रस्त्याच्या कडेला ओळीने बसली होती. चालवणाऱ्याचे खांद्याजवळचे हाड मोडले होते; तो दुसऱ्या हाताने तो हात धरून बसला होता. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडे काही नव्हते. कठड्याच्या दोन दगडांपैकी एक खाली गेला होता. दुसऱ्याने गाडी धरून ठेवली होती. मी वाकून खाली पाहिले. अंधार होता, म्हणून काही दिसले नाही, हे देवाने बरे केले.

जखमी मुलाला रुग्णालयात पोचवून, त्याच्या आईवडिलांना बोलावून परत निघालो तेव्हा उजाडत होते. पुतण्या शेजारी बसला होता. कात्रजच्या चौकात तो एकदम म्हणाला, “तो चालवत होता, पण सांगत मी होतो, काका. आता ब्रेक मार, आता फिरव. मला सगळं पाठ होतं.” थोड्या वेळाने म्हणाला, “तुम्ही उंबरखिंडीचं सांगितलेलं मी सगळ्यांना सांगितलं होतं.”

वाचकहो, प्राध्यापकाचे शब्द वाया जातात अशी आमची नेहमीची तक्रार असते. माझे शब्द वाया गेले नव्हते. ते त्या कठड्यापर्यंत पोचले होते. घाटात जड तो मरतो, असे टाळीचे वाक्य मी फेकले. पण तिथे खानाची फौज चालून जात होती आणि आपली वाट पाहत बसली होती, हे सांगायचे राहिले. ओल्या रस्त्यावर बसून राहण्याची अक्कल आधी लागते, हे सांगायचे राहिले. आणि आमच्या साडेसहाशे किलोंच्या आठशेने तो कठडा गाठला असता, तर तिच्या पत्र्याने पोरांना काय वाचवले असते, हेही राहिले. हलकी गाडी चपळ असते. ती सुरक्षित असतेच असे नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाने गुन्हा आहे, हे तर मला त्या दिवशी पोलीस चौकीत कळले. जपानात तरी काय झाले? हा खेळ पुढे घाटातून बंदिस्त मैदानावर गेला आणि नव्या शतकात त्याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. स्वतः त्सुचिया तिथे परीक्षक म्हणून बसू लागला. पोराला हेसुद्धा माहीत होते. ऐकणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही आवडता तेवढाच भाग आठवतो.

“बाबांना सांगू नका” याचे काय करायचे, हा प्रश्न होता. मी त्याला घराच्या दारापर्यंत सोडले आणि म्हणालो, “मी सांगणार नाही. तू सांग. मी इथे जिन्यात उभा आहे.” तो आत गेला. दादाचा आवाज चढला नाही, त्यावरून मला कळले की प्रकरण गंभीर आहे. थोड्या वेळाने दादा बाहेर आला. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, “याने यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही.” मग जरा थांबून, “आणि तू गोष्टी सांगायच्या नाहीत.”

शिक्षा दोघांनाही रास्त होती.

दिवाळी जवळ आली. आमची आत्या माणगावला असते. वय ब्याऐंशी. अण्णा होते तोवर दर दिवाळीच्या आधी ते स्वतः घाट उतरून तिला फराळ नेऊन देत. मीही लहानपणी त्यांच्या मागच्या बाकावर डबे धरून बसत असे. “ज्या गिअरमध्ये चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर,” हा त्यांचा मंत्र. चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा दुसरा. पायथ्याशी आले की ते गाडी थांबवीत, खाली उतरून पुढच्या चाकाजवळ तळहात धरीत आणि वास घेत. ब्रेक जळका वास देत असले, तर म्हणत, “आज मी चुकलो.” मग डबा उघडून चकल्या मोजायच्या. मोडलेल्या आमच्या, अखंड तेवढ्या आत्याच्या.

हे सगळे आठवले आणि मग त्या जपानी कथेतला एक बारकावा आठवला. पोरांनी तो पाहिला होता, पण त्यावरून नजर घसरून गेली होती. ताकुमीचा बाप गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतो. पाणी सांडता कामा नये, तोफू मोडता कामा नये. मग हवी तशी गाडी चालव. पोरगा घसरायला शिकला तो सांडू नये म्हणून. आपल्याकडे जनकाने शुकाला काठोकाठ भरलेले पात्र हाती देऊन नगर फिरून यायला लावले, म्हणतात; त्यातलाच हा प्रकार. हलक्या गाडीचे खरे सुख मला इथे सापडल्यासारखे वाटले. जड गाडी चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालते, आणि एक दिवस सगळ्या एकदम बाहेर काढते. हलकी गाडी प्रत्येक चूक तिथल्या तिथे सांगते. रस्त्यातला खडा तळव्याला कळतो. चाळिसाच्या वेगातही वाटते, की आपण काही तरी करतो आहोत.

मी दादाकडे गेलो आणि म्हणालो, “आत्याचा फराळ पोचवायचा आहे. मी शेजारी बसतो. गाडी त्याला चालवू दे.” दादा बराच वेळ वर्तमानपत्र वाचत राहिला. पान काही उलटले नाही. शेवटी म्हणाला, “दिवसा.”

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. मागच्या बाकावर चकल्यांचा, करंज्यांचा आणि चिरोट्यांचा असे तीन डबे. गिअरच्या दांड्याजवळ स्टीलच्या पेल्यात पाणी. ही कल्पना माझी, आणि पौड येईतो माझी विजार भिजली हे तिचे फळ. पोरगा एक अक्षर बोलत नव्हता. मुळशीचे धरण उजव्या हाताला लागले. घाटमाथ्यावर त्याने गाडी थांबवली आणि स्टिअरिंग धरून नुसताच बसला. हात थरथरत होते.

“काका, मला नाही जमणार.”

मला त्याक्षणी गोष्ट सांगायचा फार मोह झाला. आवरला. म्हणालो, “पेला भर.”

त्याने बाटलीतून पेला भरला, दुसरा गिअर टाकला आणि आम्ही उतरू लागलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे सोनकीची पिवळी फुले. वळण यायच्या आधी तो वेग उतरवी, वळणात गाडीला नुसती वाट दाखवी. एक लाल पिकप वर येत होती. तो कडेला थांबला आणि तिला जाऊ दिले. दोन मोठ्या मोटारी भोंगे वाजवीत आम्हांला ओलांडून गेल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही; त्याची नजर पेल्यावर आणि रस्त्यावर. मधेच एका वळणाशी आठशे अशी काही अलगद वळली, की आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिले. पाणी काठापर्यंत चढले, तिथे जरा थांबले आणि परत बसले.

पायथ्याला त्याने गाडी बाजूला घेतली. न सांगता खाली उतरला, पुढच्या चाकाजवळ गुडघे टेकून तळहात धरला आणि नाक जवळ नेले. अण्णांची ही सवय मी त्याला कधी सांगितलेली नव्हती. पुढे कळले, की निघायच्या आदल्या रात्री दादाने सांगितली होती.

आत्याने डबा ताटात ओतून चकल्या मोजल्या. तीन मोडल्या होत्या. “तुझ्या आजोबांच्या पाच मोडायच्या,” ती पुतण्याला म्हणाली आणि त्या तिन्ही त्याच्या हातावर ठेवल्या. येताना कोकम, पोह्याचे पापड आणि एक भला मोठा लाल भोपळा गाडीत चढला. आठशे हलकी राहिली नाही. पण चढावर काय, सावकाश येता येते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा खाली वाहनतळात उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मुलाला विचारले, “वास आला का?”

“नाही.”

दादाने भोपळा उचलून खांद्यावर घेतला. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून गेल्यावर, मागे न पाहता म्हणाला, “भाऊबीजेला तुझ्या आईला साताऱ्याला मामाकडे जायचं आहे. मधे खंबाटकी आहे. तू ने.”